गच्चीवरच्या सळया

हॅरो,
३० नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
उल्हासचा सा. न. वि. वि.

काल सकाळी पूजा आटोपल्यावर मी वेदच्या खोलीतला हीटर बंद केला. वर्षभर तो चालूच आहे. स्वाती म्हणते, खोली गार पडली की भिंतींना ओल धरते. इथल्या घरांचं ते खरंच आहे, पण ती ओलीसाठी ठेवत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. बटण फिरवलं आणि त्याच्या कॉटच्या कडेला बसून राहिलो. थोड्या वेळाने भिंतीला हात लावला, तर ती गार होऊ लागली होती. मग मला बसवेना. उठून हीटर परत चालू केला आणि खाली येऊन चहा टाकला. स्वातीला यातलं काही बोललो नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून तू पत्रच लिही म्हणतेस, आणि पत्रात माणूस असलं काहीबाही लिहून जातो.

तुझं कानातलं यंत्र तू डब्यात घालून देवांशेजारी ठेवलं आहेस असं शेजारच्या शशीवहिनींनी कळवलं. देवांना ऐकू येतं, अक्का. ते तुझ्यासाठी पाठवलं होतं.

वेदचं वर्षश्राद्ध झालं. गुरुजी इल्फर्डहून आले होते. बापाने लेकाला पिंड द्यायचा, तेव्हा हात थरथरतील असं वाटलं होतं. थरथरले नाहीत. त्याचंच नंतर वाईट वाटत राहिलं. जिथे त्याची सायकल लॉरीखाली आली, तिथे कौन्सिलने आता रस्त्यावर नवे पट्टे मारले आहेत म्हणे. मी अजून त्या बाजूने जात नाही. स्टेशनला वळसा घालून जातो.

ईशानी दर शनिवारी येते. वॉटफर्डहून दुपारी येते, स्वातीबरोबर जेवते, संध्याकाळी जाते. साखरपुडा झाला आणि लग्नाला पाच महिने असताना हे झालं, म्हणजे म्हटलं तर तिचं आमचं नातं केवढं! पण एक शनिवार तिने चुकवलेला नाही. स्वाती दुकानात, मंडळात सगळ्यांना ही आमची सून म्हणून ओळख करून देते. पहिल्यांदा लोक गडबडायचे. आता सवयीने मान डोलवतात. ईशानीही हसते. शनिवार सोडला तर स्वाती कोणाशी धड बोलत नाही, त्यामुळे मीही हसतो.

पोरगी नाटकाच्या थिएटरात लाइट्सचं काम करते हे तुला माहीत आहेच. तिच्याकडे पॅलेस्टाइनच्या मंडळींचं एक नाटक आलं आहे, त्याची दोन तिकिटं तिने आणून ठेवली. भाषा अरबी, वर पडद्यावर इंग्रजी अक्षरं येणार. काकूंनी यायलाच हवं असा तिचा हट्ट आहे. बघू, स्वाती घराबाहेर पडली तर तेवढंच.

गुडघ्याला तेल लावत जा. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
उल्हास

*

पांढरेवाडी,
९ डिसेंबर २०२५

चि. उल्हास यास,
अक्काचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. शशी तिच्या मोबाइलवर अक्षर मोठं करून दाखवते. मी वाचत असताना ती भिंतीकडे तोंड करून बसते, पण डोळे पुसते, म्हणजे आधीच वाचलेलं असतं. असू दे. यंत्र मी कानात घालून पाहिलं. दोन दिवस घातलं, तर गावात लोक किती निरर्थक बोलतात ते कळलं. पुन्हा काढून ठेवलं.

आता मुद्द्याचं. स्वातीने मला एक काम सांगितलं आहे आणि तुला कळू द्यायचं नाही असं बजावलं आहे. मी सांगते आहे. तिला माझा राग आला तरी चालेल.

तिला ईशानीची पहिली संक्रांत करायची आहे. वर्ष सरलं, आता सण करायला हरकत नाही असं तिचं म्हणणं. काळी साडी तिने तिथेच घेतली. सतरा जानेवारीला, शनिवारी, हळदीकुंकवाला बायका बोलावणार आहे आणि त्यांच्यासमोर पोरीला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवणार आहे. दागिने माझ्या हातचे हवेत, कारण तिच्या पहिल्या संक्रांतीला मीच केले होते.

मी नाही कशी म्हणणार? पोटचा पोर गेलेली बाई वर्षभरात पहिल्यांदा काही मागते आहे. परात मंद आचेवर ठेवली आणि बसले. तुला आठवतं का, पाक थेंब थेंब सोडायचा आणि तिळाला काटा येईपर्यंत हाताने फिरवत राहायचं. बोटं पोळतात, पण हात थांबला की हलवा गुळगुळीत होतो. या वयात पाठ धरते. तरी बिंदी झाली, बाजूबंद झाले, बांगड्या झाल्या, कंबरपट्टा निम्मा झाला.

आणि मग अडले. हलव्याच्या दागिन्यांत मंगळसूत्र असतं, उल्हास. सगळ्यांत आधी तेच ओवतात. मी दोरा ओवून ठेवला आहे आणि चार दिवस झाले, हात पुढे जात नाही. कोणाच्या नावाचं ओवू? स्वातीला विचारायचा धीर नाही. तू सांग, ओवू की नको?

शशीची भाची वरदा जानेवारीत लंडनला परतते आहे, तिच्याबरोबर डबा पाठवायचा ठरलं आहे. त्याआधी कळव. स्वातीला माझं नाव सांगू नकोस. आणि सांगितलंस तरी आता काय!

नातं आणि निरोप दोन्ही चालू ठेव.

तुझी,
अक्का

*

हॅरो,
१५ डिसेंबर २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाला लगेच उत्तर द्यायला हवं होतं. देता आलं नाही. आधी नाटकाचं लिहितो, म्हणजे का ते तुला कळेल.

परवा शनिवारी दुपारी आम्ही गेलो. लहानसं थिएटर होतं, शाळेच्या हॉलएवढं. रंगमंचावर एका घराची गच्ची होती आणि गच्चीच्या चारी कोपऱ्यांतून लोखंडी सळया वर आलेल्या. आपल्याकडे अर्धवट स्लॅबवर दिसतात तशा. नाटकात कळतं की तिकडे मुलाचं लग्न ठरलं की बाप वर मजला चढवतो. पैसे जमतील तेव्हा चढवायचा म्हणून सळया आधीच सोडून ठेवलेल्या असतात. तर या घरातला मुलगा मजला चढण्याआधीच रस्त्यात मारला गेलेला आहे. कसा, कोणी, ते नाटकात कोणी ओरडून सांगत नाही. त्याची आई रोज वर येते. जिथे भिंती नाहीत तिथे दोन सळयांमध्ये दोरी बांधून खिडकीचा पडदा लावते, आणि त्याच्या वाग्दत्त मुलीसाठी लग्नाचा झगा भरत बसते. त्या झग्यावर लाल दोऱ्याची फुलं असतात. तो पुरा होत आला की ती आणखी एक फूल काढायला घेते.

ती मुलगी, सलमा तिचं नाव, रोज गच्चीवर येते. चहा पिते. पडद्याचा रंग छान आहे म्हणते. मेलेला मुलगा त्यांच्यामध्ये येऊन बसतो, नवीन खोलीत पलंग कुठे ठेवायचा यावरून दोघींशी भांडतो, विनोद करतो. लोक हसत होते. स्वातीही हसली. मी तिचं हसणं कितीतरी दिवसांनी ऐकलं.

त्या घरात बापही आहे, अक्का. अख्ख्या नाटकात तो रंगमंचाच्या कडेला पाण्याच्या टाकीशी काहीतरी खुडबुड करत असतो. त्याला एक वाक्य नाही. मी वाट पाहत राहिलो की हा आता बोलेल. शेवटी आई सलमाला तो झगा घालते. भरतकाम इतकं जड झालेलं असतं की तिला हात उचलता येत नाहीत. ती तशीच उभी राहते आणि दिवे जातात. बाप टाकीचं झाकण लावतो, तेवढा आवाज येतो.

मी शेजारी पाहिलं, तर स्वाती रडत होती, पण तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ट्रेनमध्ये ती म्हणाली, पाहिलंत ना, तिकडच्या आयाही असंच करतात, मी वेडी नाही. शेवटी घातलाच ना तिने झगा. आणि मग तिने मला संक्रांतीचं सगळं स्वतःच सांगितलं. किती बायका, कोणतं वाण, ईशानीला काळी साडी कशी शोभेल. ती बोलत होती आणि हॅरोपर्यंतची सगळी स्टेशनं गेली. मी ऐकत राहिलो. एकच नाटक आम्ही दोघांनी शेजारी बसून पाहिलं, आणि ती एक पाहून आली, मी दुसरंच.

नाही म्हटलं तर तिच्याकडे उरतं काय? हो म्हटलं तर त्या पोरीचं काय? रोज देवासमोर बसतो. पूर्वी काही मागत तरी होतो, आता नुसता बसतो. मंगळसूत्राचं मला सांगता येत नाही, अक्का. तूच ठरव. तू मोठी आहेस.

पत्र तुटक झालं, समजून घे. विसरू नकोस आम्हाला.

तुझा,
उल्हास

*

वॉटफर्ड,
२८ डिसेंबर २०२५

प्रिय उल्हासकाका,
सप्रेम नमस्कार. (अशी सुरुवात करतात असं आई म्हणाली.)

मी मराठीत लिहिते आहे, चुका खूप असतील. इंग्लिशमध्ये मी तुमच्याशी बोलले की खूप पोलाइट होते आणि मग खरं काही सांगत नाही.

ते नाटक मी मुद्दाम दाखवलं. मी रोज त्याचे लाइट्स करते, आणि रोज शेवटच्या क्यूला दिवे घालवताना मला वाटायचं, काकूंनी हे एकदा बघितलं तर मला काही बोलावं लागणार नाही. त्या सलमाला बघतील. पण काकूंनी आईला बघितलं. इंटरव्हलमध्ये त्यांनी माझा हात धरला आणि थँक यू म्हणाल्या. मला वाटलं, मी किती मूर्ख आहे.

मला लीड्सच्या एका टुअरिंग कंपनीने जॉब दिला आहे. फेब्रुवारीपासून. वर्षभर गावोगावी फिरायचं. मी अजून हो सांगितलं नाही, कारण मग शनिवारी येता येणार नाही.

दुसरं कोणी नाहीये, काका. तसं असतं तर सोपं झालं असतं, सगळे समजले असते. आणि मला वेदला विसरायचं नाहीये. मी बसमध्ये असते, काही चुकीचं मराठी बोलते, तेव्हा तो हसतो. ते चालू असतं. पण मी तुमच्याकडे येते, आणि काकू त्याच्या जागेवर मला बसवतात, तेव्हा तो जास्त मेलेला असतो. हे वाईट वाटेल. सॉरी. मला दुसरं वाक्य येत नाही.

बाबा म्हणतात, ते लोक स्वतःहून काही बोलेपर्यंत आपण कसं बोलायचं, बरं दिसत नाही. आई म्हणते, त्यांचा मुलगा गेला, तुझे फक्त शनिवार जातात.

तुम्ही काकूंना काही सांगू नका. साडी माझ्याकडे आली आहे. मी सतराला येईन, दागिने घालीन, पाटावर बसेन. फक्त तुम्ही त्या वेळी खोलीतून बाहेर जाऊ नका. तुम्ही नेहमी बाहेर जाता.

तुमची,
ईशानी

*

पांढरेवाडी,
२ जानेवारी २०२६

चि. उल्हास यास,
अ. उ. आ.

मी मोठी म्हणून तू मला ठरवायला सांगितलंस. ठरवलं. मंगळसूत्र ओवलं नाही आणि बाकीचे दागिनेही पाठवत नाही. वरदाला रिकाम्या हाताने जा म्हटलं. शशीच्या नातवाचं बोरन्हाण आहे, सगळं त्याच्या अंगावर घालणार आहोत. कंबरपट्टा त्याला गळ्यात येईल. स्वातीला मीच कळवलं आहे. तिने उत्तर दिलेलं नाही. तिचा राग मी सोसेन, मला फोनवर ऐकू येत नाही हे एकदाचं उपयोगी पडेल.

पण याने काही सुटत नाही. दागिने तिला तिथेही विकत मिळतील.

शशीला हे पत्र उलटं धरून फोटो काढ म्हटलं आहे. एक गोष्ट लिहिते, ती कोणाशी बोललेले नाही.

तू आठ वर्षांचा असशील. दर सोमवारी मी ओढ्यापलीकडच्या वाडीत एका म्हातारीकडे जायची आणि तू हट्टाने मागे यायचास. ती तुला खोबऱ्याच्या वड्या द्यायची. ती माझी कोण, हे तू कधी विचारलं नाहीस. लहान होतास, आणि पुढे विचारण्यासारखं काही राहिलं नाही. तिच्या मुलाशी माझं ठरलं होतं. शाळेत मास्तर होते. सुपारी फुटली, आणि महिन्याभरात काविळीने गेले. मी त्यांच्याशी दोनदा बोलले असेन.

त्यांच्या आईने निरोप पाठवला की पोरीला एकदा बघू दे. मी गेले. पुढच्या सोमवारी पुन्हा गेले. ती माझी वेणी घालायची. मला तिची माया लागली होती, खोटं कशाला सांगू. आपल्या दादांना वाटायचं की त्यांच्याकडचं कोणी येऊन सांगेल, आता पोरीचं दुसरं बघा. त्यांना वाटायचं, मुलीचे वडीलच तिला थांबवतील. दोन्ही घरं सज्जन. कोणी कोणाचं मन मोडलं नाही. लोक म्हणायचे, केवढी गुणाची पोर. म्हातारी गेली तेव्हा मी चौतिशीची होते. मग कोणी विचारायला आलं नाही आणि मलाही काही वाटेनासं झालं.

माझं आयुष्य वाईट गेलं असं मी म्हणत नाही. तुला शिकवलं, शेत राखलं, देव पुजले. पण हो म्हणायला सगळे होते, पुरे म्हणायला कोणी आलं नाही. ते काम मास्तरांच्या आईचं नव्हतं. तिला ते जमणारं नव्हतं. त्यांचे वडील ओसरीवर बसलेले असायचे. मी आले की उठून गोठ्याकडे जायचे. चांगला माणूस होता.

मी काय सांगते ते तुला कळलं असेल. स्वातीला सांभाळून कर, पण कर.

आशीर्वाद आहेच, तो काही पोस्टाने यायचा नाही.

अक्का

*

हॅरो,
१८ जानेवारी २०२६

ती. अक्कास,
उल्हासचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पूजेनंतर वाचलं, आणि जेवताना पुन्हा वाचलं. त्यावर काय लिहू? त्या वड्यांची चव अजून जिभेवर आहे, आणि त्या ओसरीवरचा तुझा चेहरा मला काही केल्या आठवत नाही.

भोगीच्या दिवशी मी स्वातीशी बोललो. ती ओट्यापाशी भाजीचं गाजर चिरत होती. म्हटलं, ईशानीच्या घरी जाऊन साखरपुड्याचा शब्द परत द्यायचा आहे, आपण दोघांनी जायचं. ती चिरत राहिली. मग म्हणाली की गेलेल्या मुलाचं लग्न मोडायला निघालेला बाप तिने पाहिला नव्हता. मी म्हटलं, ते मोडलंच आहे, फक्त आपण कोणाला कळवलेलं नाही. ती म्हणाली, तुम्ही वर्षभर तोंड उघडलं नाहीत, आता उघडलंत ते यासाठी. हे खरं होतं. मग तिने विचारलं की ती पोर गेली तर वेदचं म्हणून या जगात काय राहिलं. आपण, एवढंच म्हणता आलं असतं, पण ते म्हणायची हिंमत झाली नाही.

ईशानीच्या नोकरीचं मी तिला सांगितलं नाही. पोरीने स्वतः मागितलं असं तिला वाटायला नको. जे करायचं ते आपल्याकडून व्हायला हवं होतं.

संक्रांतीला घरात तिळगूळ झाला नाही. स्वाती वेदच्या खोलीत झोपली. गुरुवारी तिने एकेका बाईला फोन करून ताप आला आहे, हळदीकुंकू रद्द, असं सांगितलं. मी समजलो की ईशानीलाही कळवलं असेल. नेमकं तिलाच कळवलं नव्हतं.

काल, शनिवारी, मी निघण्यासाठी बूट घालत होतो तेव्हा स्वाती कोट घालून खाली आली आणि काही न बोलता गाडीत बसली. रस्ताभर पाऊस होता. वॉटफर्डला त्यांच्या दारासमोर गाडी लावली, तर ती उतरेना. तिने पट्टाही सोडला नाही. काचेतून समोर बघत राहिली. मी एकटा गेलो.

ईशानीच्या वडिलांनी, परीक्षितरावांनी, दार उघडलं आणि मागे वळून हाक दिली की काका घ्यायला आले आहेत. ईशानी जिन्यावरून खाली आली. काळी साडी नेसलेली होती. केसांत गजरा, हातात पर्स. तिला वाटलं, आज मी तिला न्यायलाच आलो आहे. तिच्या आईने, नीनाताईंनी, निऱ्या नीट केल्या असाव्यात, त्यांच्या हातात अजून पिना होत्या. पोरीने माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. मला ते नाटकातले न उचलणारे हात दिसले आणि वाटलं, आता बोललो नाही तर मी पुन्हा टाकीकडे जाईन.

बसा म्हणाले, बसलो नाही. पायपुसण्यावर उभा राहूनच बोललो. म्हटलं, वेदचा वडील म्हणून आलो आहे. साखरपुड्यात आपण एकमेकांना दिलेला शब्द वेदबरोबर संपला, हे मी तुम्हाला तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं. तुमच्या मुलीवर आमचा कसलाही हक्क नाही. शनिवारचाही नाही. तिचं पुढे जे व्हायचं ते तुम्ही आणि तिने बघावं, आम्ही कधी वाट अडवणार नाही.

परीक्षितरावांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडायला विसरले. नीनाताई म्हणत राहिल्या की काकूंना एकट्यांना गाडीत का ठेवलंत. ईशानी शेवटच्या पायरीवर बसली. साडीसकट. मग एकदम उठून, अनवाणी, पावसात गाडीकडे गेली.

मी दारातून पाहत होतो. ती काचेपाशी वाकून उभी होती. स्वातीने काच खाली केली नाही आणि मानही वळवली नाही. पोर तशीच भिजत थांबली, मग परत आली. माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वाकू दिलं नाही. आपल्या घरात लेकीला कोणी पाया पडू देत नाही.

गाडीत येऊन बसलो. स्वातीने विचारलं, सांगितलंत का. मी सांगितलं म्हणालो. तिने डोळे मिटले आणि मी गाडी सुरू केली.

तुझा,
उल्हास